मिरीची शेंग, म्हणजे मिरची



गणपती गेले, पाऊस ओसरला की परसात वाफे पडायला लागतात. मेथी, मुळा, कोथिंबीर, कडेनं मिरचीची रोपं, चार फ्लॉवर. यातली मिरची आणि फ्लॉवर दोन्ही बाहेरून आलेली पिकं. पण एकाची कागदावर नोंद आहे, दुसरीची नाही. आज त्याबद्दल थोडं.

मिरची मूळ मेक्सिकोकडची, तिथं हजारो वर्षं लागवडीत. 1492 ला कोलंबस निघाला होता आपल्याकडच्या मिरीच्या आणि मसाल्याच्या शोधात, लागला अमेरिकेला, आणि तिथं हे तिखट फळ मिळालं. 1498 ला वास्को द गामा कालिकतला उतरला तेव्हा आपल्या देशात मिरचीचं एक झाड नव्हतं. 1510 ला पोर्तुगीजांनी गोवा घेतलं आणि पुढं कधीतरी त्यांच्या जहाजांतून बी आलं. कुणी आणलं, कुठल्या साली, कुणाच्या परसात पहिलं रोप लागलं, काही नोंद नाही. गंमत बघा, 1542 ला जर्मनीतल्या लिओनहार्ट फुक्स या वनस्पतिशास्त्रज्ञानं ग्रंथात मिरचीची चित्रं छापली, तर नाव दिलं 'कालिकतची मिरी'. त्याला ती आपलीच वाटली! उलट 1590 च्या सुमाराच्या ऐन-ए-अकबरीतल्या पाककृतींत मिरी आहे, मिरची नाही. म्हणजे बादशहाच्या मुदपाकखान्यात ती उशिरा पोचली.

मग ती पसरली कशी? मला तरी याचा पुरावा नावांत दिसतो. मिरीवरून मिरची. कानडीत मिरीला मेणसू, मिरचीला मेणसिनकाई, म्हणजे मिरीचं फळ. तमिळमध्ये मिळगू आणि मिळगाय, तसंच. गोव्यात आणि मालवणात मिरसांग. सांग म्हणजे शेंग, मिरीची शेंग. सगळ्यांनी तिला मिरीच्या जागी धरलं. मिरीच्या वेलाला घाटाखालचा दमट पाऊस लागतो, आधाराला झाड लागतं, फळ धरायला दोन-तीन वर्षं जातात. देशावरच्या माणसाला मिरी विकतच घ्यावी लागायची. मिरचीला न्हाणीच्या सांडपाण्यावरचा एक वाफा पुरतो, तीन महिन्यांत तोडा येतो, आणि एका वाळक्या फळात पुढच्या सालाचं बी असतं. असलं पीक पसरवायला कुणा सरकारची गरज लागत नाही. माहेरहून येताना पदराला बांधलेल्या चार वाळक्या मिरच्या पुरेत.

फ्लॉवरची गोष्ट उलटी. 1822, सहारनपूरची कंपनी बाग, डॉ. जेमसन, बी इंग्लंडहून. सगळं नोंदलेलं. पण ते बी थंडीचं. आपल्याकडच्या उन्हात गड्डा धरेना. पुढं शंभरेक वर्षं उत्तरेतल्या माळ्यांनी उकाड्यातही लवकर गड्डा धरणारी झाडं निवडून त्यांचंच बी राखलं. त्यातून 20 ते 27 अंशांत गड्डा धरणारा देशी लवकरचा फ्लॉवर तयार झाला. दिवाळीच्या आसपास बाजारात दिसतो तो याच घराण्यातला. साहेबाचं नाव राहिलं, माळ्यांची गेली.

मिरचीत तर सगळेच बिननावाचे. गडहिंग्लजकडची संकेश्वरी जवारी, ब्याडगी, नागपूरकडची भिवापुरी, काणकोणची खोल, पेडण्याची हरमल. खोल पावसावर डोंगरउतारावर येते, हरमल भात निघाल्यावर वायंगणात. पाचशे वर्षांत गावागणिक वेगळी मिरची झाली, ती घरोघर बी निवडल्यामुळं. 2019 ला खोल मिरचीला भौगोलिक मानांकन मिळालं, चांगलंच झालं. पण मानांकन नावाला मिळतं, बी राखायचं काम घरातच करावं लागतं. आता परसातसुद्धा नर्सरीतली संकरित रोपं आली. शेतात संकरित लावा, उत्पन्नासाठी मीही लावतो. पण घरची जवारी एक साल लावली नाही, दुसऱ्या साली बी जुनं झालं, तिसऱ्या साली उगवेना, की ती त्या घरापुरती संपली. दिल्लीच्या जनुक बँकेत मिरचीचे पुष्कळ नमुने आहेत, पण प्रत्येक परसातलं बी तिथं गेलेलं नाही.

ज्यांच्याकडं अजून आहे त्यांच्यासाठी. मिरचीचं फूल आपल्याच परागावर फळ धरतं, पण माश्या शेजारचा परागही आणतात. जवळ संकरित किंवा ढोबळी असली तर बी भेसळतं, आणि ते फळ बघून कळत नाही, पुढच्या साली कळतं. म्हणून चुरडा-मुरडा न आलेली दोन-तीन झाडं निवडा. कळ्या उमलायच्या आधी एका फांदीला मच्छरदाणीच्या कापडाची पिशवी बांधा, रोज जरा हलवा. फळं धरली की पिशवी काढून दोरा बांधून ठेवा. झाडावरच पूर्ण लाल होऊ द्या, मग सावलीत वाळवा. बी काढून डब्यात घाला आणि वरती साल लिहा. दोन वर्षं चांगलं उगवतं. तिसऱ्या साली पेरायच्या आधी दहा बिया ओल्या फडक्यात ठेवून बघा, किती मोड येतात ते.