मापात पाप

तळेरे येथे मुंबई-गोवा महामार्गाला गगनबावड्याहून येणारा कोल्हापूरचा रस्ता मिळतो. घाटापलीकडच्या त्या मुलखात दुधाचा मोठा धंदा आहे, आणि दुधाच्या धंद्यात भांडण होते ते मापावरून.

मायकेल फॅरेडेने १८३२ मध्ये लंडनच्या वॉटर्लू पुलावरून थेम्स नदीत धातूचे पत्रे सोडले. पृथ्वीच्या चुंबकत्वामुळे वाहत्या पाण्यात निर्माण होणारी वीज त्याला टिपायची होती. प्रयोग फसला, पण तत्त्व खरे होते. शतकभरानंतर त्यावरच विद्युतचुंबकीय फ्लो मीटर बनले. चुंबकक्षेत्रातून दूध वाहिले की वेगाच्या प्रमाणात सूक्ष्म विद्युतदाब निर्माण होतो. त्यावरून लिटर कळतात. नळीत फिरते चक्र नसल्याने दूध अडकून नासत नाही आणि नळी न उघडता धुता येते. तूप-तेल वीज वाहू देत नाही, म्हणून तिथे हे मीटर चालत नाही.

मध्ययुगीन मुस्लिम शहरांत मुहतसिब हा अधिकारी बाजारातली मापे तपासत असे आणि दुधातली भेसळही पकडत असे. मीटर यातले पहिलेच काम करते. दुधात घातलेले पाणीही ते इमानदारीने दूध म्हणूनच मोजते. माप चोख झाले. माल चोख ठेवणे अजून माणसाच्याच नियतीवर आहे.