बाळाचे खिमट : घरी कसे करावे, किती काळ ठेवावे

बाळाला सहा महिने पूर्ण झाले की केवळ आईच्या दुधावर त्याची गरज भागत नाही. जन्मतःच शरीरात आलेला लोहाचा साठा याच सुमारास संपत येतो आणि वाढीसाठी लागणारी ऊर्जाही दुधातून पुरेशी मिळेनाशी होते. आपल्याकडे उष्टावणाचा संस्कार साधारण याच वयात केला जातो, ही परंपरेची दूरदृष्टीच म्हणावी लागेल. जागतिक आरोग्य संघटनेची शिफारसही हीच आहे : सहा महिन्यांपर्यंत निव्वळ स्तनपान, त्यानंतर वरचे अन्न, आणि त्याच्या जोडीने दोन वर्षांपर्यंत किंवा त्याहून अधिक काळ आईचे दूध.

प्रत्यक्षातील चित्र मात्र चिंताजनक आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ मधील पाचव्या फेरीनुसार देशातील ६ ते २३ महिने वयाच्या बालकांपैकी अवघ्या ११.३ टक्के बालकांना किमान पुरेसा आहार मिळत होता. सुस्थितीतील घरांतही परिस्थिती फारशी वेगळी नाही. त्यामुळे सारा दोष दारिद्र्यावर टाकून मोकळे होता येत नाही. अन्न उशिरा सुरू करणे, थोडे देणे आणि पातळ देणे, ही त्यामागची घरगुती कारणे आहेत.

यांपैकी पातळपणाचा मुद्दा नीट समजून घेण्याजोगा आहे. बाळाच्या जठरात एका वेळी वजनाच्या दर किलोमागे सुमारे ३० ग्रॅम अन्न मावते. म्हणजे सात किलोच्या बाळाच्या पोटात २०० मिलिलिटरच्या आसपास जागा असते. ती वरणाच्या वरच्या पाण्याने किंवा भाताच्या निवळीने भरली, तर पोट फुगते पण पोषण होत नाही. ‘वरणाचे पाणी पचायला हलके’ असे सांगणाऱ्या आजीबाईंचा हेतू चांगला असला, तरी डाळीचे सत्त्व खाली राहिलेल्या गाळात असते, पाण्यात नव्हे. चमचा तिरका केल्यावर सहज ओघळणार नाही इतपत घट्ट अन्न हवे.

महाराष्ट्रातील घरांमध्ये यासाठी पिढ्यान्‌पिढ्या केले जाणारे खिमट आजही उत्तम आहे. दोन वाट्या तांदूळ व एक वाटी मुगाची डाळ स्वच्छ धुऊन, सुती कापडावर पसरून पूर्ण वाळवावी. मंद आचेवर खमंग भाजून, गार झाल्यावर रवाळ दळावी. एक मोठा चमचा पिठी थंड पाण्यात कालवून, गुठळ्या मोडत, वाटीभर पाण्यात नीट शिजवावी. शेवटी अर्धा चमचा साजूक तूप घालावे. तूप हे लाडाचे लक्षण नसून लहान पोटात अधिक ऊर्जा बसवण्याचा सोपा उपाय आहे. चिमूटभर जिरेपूड चालेल. मीठ आणि साखर मात्र वर्षभर टाळलेली बरी. मध तर पहिल्या वर्षात चाटवूसुद्धा नये, कारण त्यातील जिवाणूंच्या बीजाणूंमुळे बोट्युलिझम हा दुर्मीळ पण गंभीर आजार होऊ शकतो.

नाचणीच्या सत्त्वाबाबत थोडे सविस्तर लिहिणे आवश्यक आहे, कारण एकाच नावाने दोन निरनिराळे पदार्थ केले जातात. पहिल्या प्रकारात भिजवलेली नाचणी वाटून, फडक्यातून गाळून, तळाशी बसलेला पांढरा साका वाळवतात. तो दिसायला सुंदर असतो, पण त्यात प्रामुख्याने पिष्टच उरते. १०० ग्रॅम नाचणीत सुमारे साडेतीनशे मिलिग्रॅम कॅल्शियम असते. त्यातला मोठा वाटा चोथ्याबरोबर टाकला जातो. दुसरा प्रकार अधिक गुणकारी आहे. नाचणी रात्रभर भिजवून, फडक्यात बांधून, मोड आल्यावर उन्हात खडखडीत वाळवावी, हलकेच भाजावी आणि दळून बारीक चाळणीने चाळावी. मोड येताना धान्यात अमायलेज हे विकर तयार होते व ते पिष्टाचे विघटन करते. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात डॉ. तारा गोपालदास व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकात या गुणाचा अभ्यास केला. घट्ट शिजवलेल्या पेजेत असे थोडेसे पीठ ढवळले, की काही मिनिटांत ती पाणी न वाढवता सैल होते. याचा अर्थ तेवढ्याच वाटीत अधिक अन्न बाळाच्या पोटात जाते. पीठ घालताना पेज उकळती नसावी, जरा निवालेली असावी, आणि सैल झाल्यावर तिला पुन्हा एक उकळी द्यावी. मोडांवर बुरशीचा किंचितही वास वा धागा दिसला, तर सारे धान्य टाकून द्यावे.

केवळ धान्य-डाळीवर लोहाची गरज भागत नाही, हेही ध्यानात ठेवायला हवे. मांसाहार करणाऱ्या घरांत पूर्ण उकडलेले अंडे, काटे काढून कुस्करलेला मासा, मऊ शिजवलेला खिमा सहा महिन्यांनंतर देता येतो. शाकाहारी घरांत डाळ, उसळीचा गर आणि पालेभाजी यांवर लिंबाचे दोन थेंब पिळल्यास लोह अधिक शोषले जाते. ‘अ‍ॅनिमिया मुक्त भारत’ या २०१८ मध्ये सुरू झालेल्या कार्यक्रमात सहा महिन्यांवरील बालकांना आठवड्यातून दोनदा लोहाचे द्रव औषध देण्याची तरतूद आहे. आशा कार्यकर्ती किंवा डॉक्टरांकडे त्याची चौकशी करावी.

आता साठवणुकीकडे वळू. २०१७ च्या दुरुस्तीनंतर संघटित क्षेत्रातील महिलांना पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवड्यांची प्रसूती रजा मिळते. ती संपण्याची आणि वरचे अन्न सुरू करण्याची वेळ जवळजवळ एकच येते. साहजिकच सकाळी शिजवून दिवसभरासाठी ठेवणे हा अनेकींचा नाइलाज असतो. त्यात गैर काही नाही, पथ्ये मात्र कडक पाळावी लागतात.

शिजवलेले अन्न दोन तासांहून अधिक काळ बाहेर ठेवू नये, उन्हाळ्यात तर तासाभरातच फ्रिजमध्ये जावे. पातेले तसेच ठेवण्याऐवजी एका वेळेपुरते अन्न छोट्या, झाकणाच्या स्टीलच्या डब्यांत भरावे. ते लवकर थंड होते आणि दरवेळी सगळे उघडावे लागत नाही. भाताबाबत विशेष दक्षता हवी. तांदळातील बॅसिलस सेरियस या जिवाणूचे बीजाणू शिजवूनही टिकतात, आणि भात कोमट राहिला की वाढून विष तयार करतात. ते विष पुन्हा गरम केल्याने नाहीसे होत नाही. म्हणून सकाळचे खिमट ओट्यावर ठेवून दुपारी ऊन करून देणे ही सवय घातक आहे.

फ्रिजमध्ये चार अंश सेल्सिअसच्या आसपास ठेवलेले अन्न चोवीस तासांत संपवावे. भोपळा, रताळे, सफरचंद यांचा शिजवलेला गर बर्फाच्या स्वच्छ ट्रेमध्ये गोठवून, वड्या पिशवीत तारखेसह ठेवल्यास उणे १८ अंशांवर महिनाभर चांगला राहतो. पालक आणि बीट यांचा गर साठवू नये, त्यातील नायट्रेटचे नायट्राइट होऊ शकते. गोठवलेली वडी फ्रिजच्या खालच्या कप्प्यात वितळू द्यावी, वाफ येईपर्यंत एकदाच गरम करावी व उरली तर टाकावी. बाळाच्या वाटीतले उष्टे तर कधीच राखू नये, कारण चमच्यावाटे लाळ आणि जिवाणू त्यात मिसळलेले असतात.

कोरड्या पिठीचे शत्रू दोन : ओल आणि तेल. पिठीत शेंगदाणे, बदाम किंवा खोबरे आधीच दळून घातले की ती लवकर खवट होते. शिवाय शेंगदाण्यावर दमट हवेत विषारी बुरशी येण्याचा धोका असतो. हे जिन्नस ताजे, बारीक पूड करून, शिजवतानाच घालावेत. अख्खे दाणे घशात अडकू शकतात, म्हणून देऊच नयेत. पिठी एका वेळी पंधरा दिवसांपुरतीच करावी, पावसाळ्यात आठ दिवसांची, आणि डब्यात ओला चमचा घालू नये.

वीजपुरवठा खंडित झाल्यास बंद फ्रिजमधील अन्न साधारण चार तास थंड राहते, मात्र दार वारंवार उघडले नसेल तरच. त्याहून अधिक वेळ वीज नसेल, तर बाळाचे डबे रिकामे करून ताजे शिजवावे. प्रवासात पिठी नुसती गरम पाण्यात कालवून देऊ नये, तिला शिजवणे आवश्यकच असते. अशा वेळी ऐनवेळी सोलून कुस्करलेले पिकलेले केळे सर्वांत सोयीचे.