तळघरातून धावपट्टीवर

ओशकोशच्या विमानमेळाव्याची छायाचित्रे पाहताना नजर आधी मस्टँगसारख्या लढाऊ विमानांवर जाते. माझीही जायची. मेळाव्याचे मूळ शोधू लागलो, तेव्हा मात्र पोहोचलो एका तळघरात.

विस्कॉन्सिनमध्ये जानेवारी १९५३ मध्ये पॉल पोबेरेझ्नी यांनी घरी विमान बांधणाऱ्यांची संघटना काढली. कचेरी घराच्या तळघरात. त्याच सप्टेंबरात मिलवॉकीला पहिला मेळावा भरला. १९५९ला तो रॉकफर्डला गेला, १९७०ला ओशकोशला स्थिरावला. जुनी आणि लष्करी विमाने पाहुणी म्हणून आली नि घरचीच झाली.

खरी गोष्ट त्याआधीची. महायुद्धापूर्वी अमेरिकेत घरगुती विमानांवर निर्बंध आले होते. ऑरेगॉनमध्ये काय ती मोकळीक. तिथले जॉर्ज बोगार्डस १९४७ साली ‘लिटल जी बी’ हे एका आसनाचे विमान उडवत थेट वॉशिंग्टनला, म्हणजे देशाच्या दुसऱ्या टोकाला, घेऊन गेले. नियम करणाऱ्यांच्या दारात पुरावाच नेऊन उभा करायचा! अर्ज टपालानेही गेला असता म्हणा. ते विमान आज स्मिथसोनियन संग्रहालयात आहे. पुढे अशा विमानांना वेगळा वर्ग मिळाला. त्यांच्या अंगावर ‘प्रायोगिक’ हा शब्द रंगवावा लागतो. परवाना आणि इशारा एकाच शब्दात.

कांदिवलीच्या गच्चीवर अमोल यादव यांनी बांधलेले सहा आसनी विमान मुंबईकरांनी २०१६च्या ‘मेक इन इंडिया’ प्रदर्शनात पाहिले. त्याची नोंदणी व्हायला नोव्हेंबर २०१७ उजाडला. ती बातमी वाचताना मला बोगार्डस आठवले.