कपाळावरचा निकाल

कपाळी लिहिलेलं पुसता येत नाही, असं आपण सहज म्हणून जातो. आज मी ज्या शिक्षेबद्दल बोलणार आहे, तिच्या बाबतीत हे शब्दशः खरं होतं.

१७९० मध्ये गव्हर्नर जनरल कॉर्नवॉलिसने बंगालचा फौजदारी न्याय नवाबाकडून कंपनीच्या हाती घेतला. आधीच्या कायद्यात हात-पाय तोडण्याची शिक्षा होती. कंपनीने ती बंद केली आणि हिशोब ठरवला: दोन अवयवांऐवजी १४ वर्षं सक्तमजुरी, एकाऐवजी ७ वर्षं. ही दयाच होती, ते मी नाकारत नाही.

पण आता माणसं वर्षानुवर्षं कैदेत ठेवायची होती. कैदी बेड्या घालून रस्त्यांच्या कामाला नेले जात आणि संधी मिळाली की पळत. पळालेला ओळखायचा कसा? तेव्हा फोटो नव्हते, बोटांचे ठसे नव्हते. मग १७९७ चा नियम आला. जन्मठेपेच्या कैद्याच्या कपाळावर त्याचं नाव, गुन्हा आणि शिक्षेची तारीख देशी लिपीत गोंदायची. याला 'गोदना' म्हणत.

आपल्या आजी-पणजीच्या कपाळावर, हातावर गोंदण असायचं. तो दागिना होता, मेल्यावरही सोबत येणारा. सरकारने तीच सुई उचलली आणि दागिन्याचा डाग केला.

खोटी साक्ष देणाऱ्याची गाढवावरून धिंड काढण्याची जुनी शिक्षाही कंपनीने चालू ठेवली होती. पण धिंड संध्याकाळी संपते, गाव हळूहळू विसरतं. गोदना विसरू देत नव्हता. कोलकात्याजवळच्या अलीपूर तुरुंगातून कैदी काळ्या पाण्यावर जात, पेनांगला, मॉरिशसला. तिथेही कपाळ सोबतच. मग कुणी पागोटं भुवयांपर्यंत ओढी, कुणी केस पुढे सोडी. एवढीच त्यांची अपील.

१८४९ च्या कायद्याने गोदना आणि धिंड दोन्ही बंद झाले. पण ज्यांच्या कपाळावर आधीच लिहिलं गेलं होतं, त्यांच्यासाठी तो कायदा उशिराच आला.

म्हणून मला वाटतं, एखाद्या राजवटीची दया मोजताना तिने काय थांबवलं एवढंच पाहू नये. त्याच्या जागी काय सुरू केलं, तेही विचारावं.