वसतिगृह, श्रम आणि ग्रामीण तरुणाचे मन

ग्रामीण युवकांच्या उन्नतीचा इतिहास बहुधा शाळांच्या संख्येवरून मांडला जातो. त्यामागील मनाचा प्रश्न मात्र उपेक्षित राहतो. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ साली काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापिली आणि १९२४ साली साताऱ्यास वसतिगृह उघडले. १९२७ साली महात्मा गांधींच्या हस्ते त्याचे नामकरण झाले. शिक्षणासाठी खेड्यातून शहरी आलेल्या मुलापुढे दारिद्र्याइतकीच एकाकीपणाची व न्यूनगंडाची अडचण होती. अस्पृश्य मानल्या गेलेल्या मुलास तर अपमानाचेही ओझे वाहावे लागे.

या अडचणीवर वसतिगृहाने उपदेशाचा नव्हे, तर सहजीवनाचा उपाय योजिला. सर्व जातींची मुले एकत्र राहत, स्वयंपाक करीत व एका पंक्तीस जेवीत. श्रमाच्या मोबदल्यात शिक्षण मिळाल्यामुळे मदतीस दयेचे रूप येत नसे. आपण येथे हक्काने आहोत, ही भावना त्यातून रुजू शके. वसतिगृह चालावे म्हणून लक्ष्मीबाई पाटील यांनी आपले दागिने दिले, हेही विसरता येत नाही. अन्नाच्या चिंतेतून मुक्तता ही मनःस्वास्थ्याची पहिली अट होय.

‘मानसिक आरोग्य’ ही आजची परिभाषा त्या काळावर लादणे इतिहासदृष्ट्या अनुचित ठरेल. भारताचा राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम १९८२ साली आला. तथापि समुपदेशकाची नेमणूक म्हणजेच युवकांचे मानसिक साहाय्य, असे मानणाऱ्यांनी साताऱ्याचा हा प्रयोग अवश्य अभ्यासावा. आपलेपणा, उपयुक्त श्रम आणि स्वाभिमान यांवाचून उपचार अपुराच राहतो.