कियारा म्हणजे काळी? एका नावाचा आयर्लंड ते बीड प्रवास

आजचा विषय छोटा वाटेल, पण त्यावरून भल्याभल्या घरात रुसवेफुगवे झालेत. मुलीचं नाव 'कियारा' ठेवायचं का?

आमच्या बीडकडे बारशाला मी दोन्ही बाजू ऐकल्यात. आजी म्हणते, "हे काय नाव? जिभेवर बसत नाही." आत्या म्हणते, "मोबाईलवर बघितलंय, लई भारी अर्थ आहे." मग मी म्हटलं, बघू तर खरं.

आपल्याकडे हे नाव आलं पडद्यावरून. २०१० च्या 'अंजाना अंजानी' सिनेमात प्रियांका चोप्राच्या पात्राचं नाव कियारा होतं. पुढे आलिया अडवाणीनं सिनेमात येताना तेच नाव घेतलं, कारण आलिया भट आधीच होती. २०१४ ला तिचा पहिला सिनेमा आला आणि नाव गावोगाव पोचलं.

पण मूळ बरंच जुनं आहे. आयरिश भाषेत 'किअर' म्हणजे काळा, गडद. त्यावरून मुलाचं नाव किअरान आणि मुलीचं किअरा. सहाव्या शतकात किअरान नावाच्या संतानं शॅनन नदीकाठी क्लॉनमॅकनॉइसचा मठ उभा केला. आयर्लंडच्या केरी परगण्याचं नावसुद्धा 'किअर'च्या वंशजांवरून पडलंय.

आता गंमत ऐका. इटलीतही ऐकायला जवळपास असंच नाव आहे, 'क्यारा'. त्याचा अर्थ बरोबर उलटा: उजळ, स्वच्छ. म्हणजे नाव एकसारखं. एक घर म्हणतं काळी, दुसरं म्हणतं उजळ.

आणि इथेच खरी मेख आहे. 'काळी' हा अर्थ कळला की बऱ्याच घरात चेहरे पडतात. का? आपल्याकडे मुलीचा रंग लग्नाच्या बाजारात मोजला जातो म्हणून. पण जरा मागे बघा. द्रौपदीचं दुसरं नाव कृष्णा, म्हणजे सावळीच. शामल, श्यामा ही नावं आपण कौतुकानं ठेवली. विठोबाला सावळा म्हणताना कुणाला लाज वाटत नाही. मग लेकीलाच का वाटावी?

नावाचा इतिहास आपल्याकडे कायम गोडच होता असं नाही. मुलं जगत नसली की दृष्ट लागू नये म्हणून धोंडाबाई, दगडूबाई, केराबाई अशी नावं ठेवायचे. त्यात निदान पोर जगावं ही आस होती. पण मुलीवर मुली झाल्या की 'नकुशी' म्हणायचे, म्हणजे नको असलेली. २०११ मध्ये सातारा जिल्ह्यात अशा २८५ मुलींना समारंभ करून नवी नावं दिली गेली.

बीडचं काय? २०११ च्या जनगणनेत सहा वर्षांपर्यंतच्या १००० मुलांमागे आमच्या जिल्ह्यात फक्त ८०७ मुली होत्या. २००१ मध्ये हाच आकडा ८९४ होता. म्हणजे कित्येक मुलींच्या कानात "कुर्रर्र" व्हायची वेळच आली नाही.

म्हणून मी 'कियारा'ला हसत नाही. जिचं नाव शोधायला आईबाप रात्रभर मोबाईल चाळतात, ती लेक हवीहवीशी आहे. हे नाव सिनेमाचं असेल, परक्या बेटावरचं असेल, पण ते 'नकुशी'च्या बरोबर दुसऱ्या टोकाला उभं आहे.

माझं मत विचाराल तर दोनच गोष्टी. एक, अर्थ लपवू नका. कियारा म्हणजे सावळी, आणि सावळी म्हणजे सुंदर, हे लेकीला लहानपणीच सांगा. दोन, किआरा की कियारा, ते आधीच ठरवा. जन्माच्या दाखल्यावर एक, आधारवर दुसरं झालं की पुढे पोरीलाच हेलपाटे पडतात. आणि १ मे २०२४ पासून जन्मलेल्या बाळांच्या सरकारी कागदांवर बाळाच्या नावानंतर आधी आईचं नाव येतं, मग वडिलांचं. म्हणजे कियाराच्या शेजारी तिची आई उभी असेल. आजीला हे जरूर सांगा.

तुमच्या घरात नावावरून कुणाचं वाजलं? आजीनं कोणतं नाव सुचवलं होतं? व्हॉइस नोट पाठवा, पुढच्या भागात ऐकवतो. तोवर ऐकत राहा!