मरियेचा हात आणि घारापुरीचे पाय



देशपांडे नगरात ज्या घरी आम्ही प्रायश्चित्तकाळात जपमाळेसाठी जमतो, तिथल्या भिंतीवर ‘पिएता’चं एक जुनं कॅलेंडर आहे. साल केव्हाच संपलं. पण मांडीवर निष्प्राण येशूला घेऊन बसलेल्या मरियेचं ते चित्र उतरवायला कुणाचा हात धजत नाही. परवा जपमाळ संपल्यावर आम्ही मुलांना या मूर्तीवर झालेल्या हल्ल्याची गोष्ट सांगितली.

मायकलअँजेलोने १४९८-९९ मध्ये ही मूर्ती घडवली, तेव्हा तो पंचविशीचाही नव्हता. २१ मे १९७२ रोजी, पेन्टेकॉस्टच्या रविवारी, रोमच्या संत पेत्र महामंदिरात लास्लो तोथ नावाचा हंगेरियन वंशाचा भूशास्त्रज्ञ कठडा ओलांडून मूर्तीपाशी गेला. आपणच पुनरुत्थित ख्रिस्त आहोत असं ओरडत त्याने हातोड्याचे बारा-पंधरा घाव घातले. मरियेचा डावा हात कोपरापासून तुटला, नाक उडालं, पापणी फुटली. संगमरवराचे शंभरएक तुकडे जमिनीवर पडले आणि त्यातले काही गर्दीतल्या लोकांनी खिशात घालून नेले. आम्हांला हातोड्यापेक्षा हे जास्त लागतं. हातोडा मारणाऱ्याचं मन थाऱ्यावर नव्हतं. त्याच्यावर खटला न चालवता त्याला इस्पितळात ठेवलं आणि पुढे ऑस्ट्रेलियाला परत पाठवलं. तुकडे उचलणारे मात्र चांगले शुद्धीवर होते.

मूर्ती जोडावी की या जखमांसकटच ठेवावी, यावर तेव्हा वाद झाला. शेवटी पूर्ण जोडायचं ठरलं. संगमरवराची पूड, डिंकासारखं चिकट द्रव्य आणि दहा महिन्यांची चिकाटी! नाकासाठी मूर्तीच्याच पाठीकडचा एक तुकडा कापून घेतला. आज ती जाड काचेआड आहे आणि सांधा कुठे ते साध्या डोळ्यांना कळत नाही.

मुलांना गोष्ट आवडली. सातवीतली एक मुलगी मात्र गप्प होती. दिवाळीच्या सुट्टीत ती मुंबईला मामाकडे गेली होती, बोटीने घारापुरीही पाहून आली होती. ती म्हणाली, “तिथल्या मूर्तींचे पाय तुटलेत. गाइडकाका म्हणाले, पोर्तुगीज शिपायांनी तोडले. ते आपलेच होते ना?”

खोलीत कुणी बोलेना.

पोर्तुगीज वेगळे, आपण वेगळे, हे उत्तर आमच्या जिभेवर आलंच होतं. ते खोटंही नाही. पण जुन्या गोव्याची चर्चं दाखवायला नेतो, तेव्हा आपण कुठे वंशावळ तपासतो? ती ‘आपली’च म्हणतो.

वसईबरोबर घारापुरी बेट १५३४ मध्ये गुजरातच्या सुलतान बहादूरशहाकडून पोर्तुगीजांकडे आलं. लेण्यातली शिल्पं तेव्हाच हजार वर्षांच्या घरात होती. शिपायांनी तिथे काय केलं, हे त्यांच्या शत्रूने नव्हे, त्यांच्याच बखरकाराने लिहून ठेवलं आहे. गोव्यात राहिलेल्या दिओगु दु कौतुने शिपायांच्या त्या धुमाकुळाची नोंद केली. सगळी मोडतोड त्यांचीच असं मात्र म्हणता येणार नाही. पाणी, खारी हवा आणि शतकांची उपेक्षा यांचाही त्यात वाटा आहे. पण कौतुच्याच लिखाणात आणखी एक गोष्ट आहे. लेण्यात एक शिलालेख होता. तो काढून राजासाठी पोर्तुगालला पाठवला. तिथे तो कुणाला वाचता आला नाही आणि पुढे दगडच नाहीसा झाला. ही लेणी कुणी कोरवली, यावर अभ्यासक आजही वाद घालतात. कदाचित त्या दगडावर ते नाव असेल. पिएताचे तुकडे निदान जोडायला तरी होते.

बेटाला ‘एलिफंटा’ हे नाव ज्याच्यामुळे पडलं, त्या दगडी हत्तीची कथा थोडी बरी. १८६४ मध्ये तो इंग्लंडला न्यायचा घाट घातला गेला, उचलताना साखळी तुटली आणि हत्तीचे तुकडे झाले. ते भायखळ्याच्या राणीच्या बागेत आणले आणि १९१४ मध्ये जोडले. आज तो डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात उभा आहे.

आपल्या जवळचंही एक उदाहरण. २०१९ च्या फेब्रुवारीत हंपीच्या विष्णू मंदिर परिसरात खांब ढकलून पाडणाऱ्या तरुणांची चित्रफीत सगळ्यांनी मोबाइलवर पाहिली. होसपेटच्या न्यायालयाने चौघांना प्रत्येकी ७०,००० रुपये दंड केला आणि पाडलेले खांब त्यांनाच उभे करायला लावले. पापनिवेदनाला जाण्याआधी आमच्या आज्या ज्याचं घेतलं त्याचं परत करून ये म्हणायच्या, त्याची आम्हांला तेव्हा आठवण झाली. घारापुरीचे शिपाई कधीच मातीला मिळाले. त्यांच्या हाती आता कोण काय देणार?

त्या संध्याकाळी आम्ही मुलीला एवढंच म्हणालो, “होय बाळा, आपलेच.” तिने मान हलवली आणि पुन्हा कॅलेंडरकडे पाहिलं. मरियेचा कुठला हात जोडलाय, ते तिला शोधायचं होतं. इस्टरनंतर मुलांना हंपीला न्यायचं ठरलंय. सकाळी लवकर हुबळीहून निघू. येऊ इच्छिणाऱ्या पालकांनी मिस्सानंतर नावं द्यावीत.